पहिले संगीत नाटक बसवताना: हौशी मंडळींसाठी ‘संशयकल्लोळ’

गावात किंवा सोसायटीत नाटकवेडी पंधरा-वीस माणसे जमली, दोन-चार एकांकिका झाल्या, की कुणीतरी विषय काढतोच: ‘एकदा संगीत नाटक करू या.’ मग आपल्यात गाणारे कोण, ऑर्गन कुठून आणायचा, इतका खर्च कसा झेपणार, असे प्रश्न निघतात आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. हा लेख अशा मंडळींसाठी आहे. संगीत नाटक कधीच न केलेल्या हौशी संस्थेने पहिल्यांदा कोणते नाटक घ्यावे, असे मला विचारले तर मी ‘संगीत संशयकल्लोळ’ सांगतो आणि ते का, यापासूनच सुरुवात करतो.

हेच नाटक का

गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक आधी गद्यात लिहिले होते. १८९३ साली ते ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने आले. त्याचा मूळ धागा इंग्रज नाटककार आर्थर मर्फी याच्या १७६१ सालच्या नाटकात आणि त्याच्याही मागे मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनात आहे. आज ते वाचताना परक्या मुलखातून आले आहे अशी शंकाही येत नाही, इतके देवलांनी ते मराठी घरात मुरवले. पुढे गंधर्व नाटक मंडळीसाठी त्यांनी त्यात पदे घातली. १९१६ साली ते संगीत रूपात रंगभूमीवर आले, पण त्याच वर्षी जूनमध्ये देवल गेले होते. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव हे त्या काळचे मोठे आकर्षण होते.

हौशी संस्थेच्या दृष्टीने या नाटकाची खरी सोय त्याच्या रचनेत आहे. गाण्याचा मुख्य भार अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमिकांवर आहे. हसवण्याचा मुख्य भार फाल्गुनराव आणि कृत्तिका या संशयी नवरा-बायकोवर आहे. म्हणजे तुम्हाला दोन तयारीचे गाणारे आणि दोन तयारीचे नट लागतात. चारही कलाकार दोन्हींत तरबेज असावे लागत नाहीत. ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’ करायचे तर गाणाऱ्यांची फळी मोठी लागते. शिवाय इथे राजवाडे नाहीत, देव-देवता नाहीत, रथ नाहीत. दिवाणखाना, रस्ता, बाग एवढ्यात काम भागते.

एक गोष्ट मात्र पहिल्या बैठकीतच सगळ्यांच्या मनावर ठसवा. संगीत नाटक म्हणजे मध्ये मध्ये गाणी असलेले नाटक नव्हे. पात्राला बोलून जे सांगता येईनासे होते, ते पात्र पदातून सांगते. पुढची सगळी मेहनत या एकाच गोष्टीसाठी आहे.

संहिता हातात घेणे

देवलांना जाऊन शंभरहून अधिक वर्षे झाली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनाचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे मूळ संहिता सर्वांना खुली आहे. मात्र अलीकडच्या एखाद्या दिग्दर्शकाने किंवा संस्थेने तयार केलेली संक्षिप्त रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी बेतलेली संहिता, त्यांची असते. ती वापरायची तर त्यांची लेखी परवानगी घ्या. त्याहून उत्तम म्हणजे जुनी छापील प्रत मिळवून आपली रंगावृत्ती आपणच तयार करा. ग्रंथालयात विचारलेत तर प्रत मिळते.

मूळ नाटक पाच अंकी आहे. त्या काळचे प्रेक्षक रात्रभर बसत आणि आवडते पद दोन-तीनदा ऐकत. आज एका मध्यंतरासह अडीच ते तीन तासांत प्रयोग संपला पाहिजे. कापाकापी कुठे करायची याचा माझा नियम असा आहे: ज्या संवादातून नवा संशय जन्माला येतो किंवा जुना पक्का होतो, त्याला हात लावायचा नाही. नोकरचाकरांच्या गप्पा, आधीच कळलेली हकिकत पुन्हा सांगणारी भाषणे, एकाच भावनेची लागोपाठ आलेली पदे, ही पहिली जातात. पदे दहा-बाराच्या आसपास ठेवा. त्यांतही चार-पाच पूर्ण विस्ताराने आणि उरलेली धृपद (परत परत येणारी ओळ) व एक अंतरा (पुढचे कडवे) एवढीच.

भाषा बदलू नका. देवलांचे गद्य शंभर वर्षांनंतरही तोंडात सहज बसते. ‘प्रेक्षकांना कळावे म्हणून’ केलेली आधुनिक भर त्या वाक्यांची लय मोडते. एखादा शब्द अगदीच दुर्बोध वाटला तर तेवढाच बदला.

सार्वजनिक प्रयोग करायचा असेल तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. हे काम तालमी सुरू होतानाच हाती घ्या, कारण नाट्यगृहाचे आरक्षण आणि पोलिसांची परवानगी या गोष्टींच्या वेळी ते कागद हाताशी हवेत. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी स्पर्धांत संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी असते. त्यात उतरायचे असेल तर त्या वर्षीचे नियम, विशेषतः वेळेची मर्यादा, वाचूनच रंगावृत्ती करा. गोव्यातल्या मंडळींना हे सगळे नवीन नाही, तिथे देवळांच्या जत्रांत गावकरी अजूनही संगीत नाटके उभी करतात. जवळपास राहत असाल तर अशा एका जत्रेला रात्रभर बसून या. पुस्तकात सापडणार नाही असे पुष्कळ तिथे दिसेल.

पात्रनिवड

पुरुषपात्रांची नावे मराठी महिन्यांवरून आणि स्त्रीपात्रांची नक्षत्रांवरून आहेत: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, मघा. पहिल्या वाचनाला नवख्यांना हे सांगा, नावे लगेच लक्षात राहतात.

अश्विनशेठ आणि रेवतीसाठी आवाजाची चाचणी घेताना कुणाला पाठ असलेले लोकप्रिय नाट्यगीत गायला लावू नका. त्यात गायक कुणाची तरी नक्कल उत्तम करतो एवढेच कळते. एखादे न ऐकलेले पद द्या, दोनदा ऐकवा आणि गायला सांगा. मग त्यातलीच एक ओळ गद्यात, समोरच्या माणसाकडे बघून म्हणायला सांगा. तान घेता येणे, न येणे पुढचे. शब्द स्वच्छ लागतात का, सुरात असताना चेहरा जिवंत राहतो का, चालता चालता गाता येते का, हे पाहा. बैठकीत मांडी घालून उत्तम गाणारी माणसे उभे राहून, पगडी घालून, दुसऱ्या पात्राकडे बघत गाताना गोंधळतात. त्यांना नकार देऊ नका, पण एक महिना जास्त लागेल हे धरून चला.

फाल्गुनरावासाठी संस्थेतला सर्वांत विनोदी माणूस घेण्याचा मोह होतो. तो आवरा. फाल्गुनरावाला स्वतःचे काहीच विनोदी वाटत नाही. त्याचा संसार खरोखर धोक्यात आहे अशी त्याची खात्री आहे, आणि तो जितका गंभीर तितका प्रेक्षक हसतो. गंभीर भूमिका चांगल्या करणारा, वाक्याची फेक पक्की असलेला नट इथे हवा. कृत्तिकेचेही तसेच. तिला कजाग बायको करून टाकू नका. तिने नवऱ्याला परक्या तरुणीला सावरताना आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. तिचे दुःख खरे आहे, फक्त निष्कर्ष चुकीचा आहे.

मघा ही नायकीण, रेवती तिची मुलगी. अश्विनशेठला रेवतीशी लग्न करायचे आहे. १९१६ साली ही गोष्ट लहान नव्हती. मघेची भूमिका करणारीने कंबरेवर हात ठेवून, पान चघळत तिला उथळ केले की रेवतीच्या प्रेमाचेही वजन जाते. ती मुलीच्या भवितव्याचा हिशेब करणारी आई आहे, असे धरून काम करा.

भादव्यासारख्या छोट्या भूमिका नवख्यांना द्या, पण तालमीला रोज बोलवा. संशयाच्या या खेळात निरोप आणि वस्तू नोकरांच्या हातून फिरतात. एखादी एंट्री चुकली तर पुढचा प्रसंग उभाच राहत नाही.

साथ आणि पट्टी

वाद्ये दोनच: ऑर्गन आणि तबला. पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन मिळाला तर त्याच्यासारखे सुख नाही. त्याचा भरदार, न तुटणारा सूर नाट्यपदाला आधार देतो. तो न मिळाल्यास चांगली पेटी घ्या. की-बोर्डवर ऑर्गनचा आवाज लावूनही प्रयोग होतात, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना बहुधा हाच मार्ग असतो. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर मात्र गाऊ नका. ट्रॅक नटासाठी थांबत नाही, हशा आला तरी थांबत नाही.

साथीदार तालमीच्या शेवटच्या आठवड्यात बोलवायची पद्धत काही संस्थांत असते. पैसे वाचतात, नाटक पडते. निदान ऑर्गनवादक पहिल्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा तरी हवा. तो तुमचा दुसरा दिग्दर्शकच असतो. तबलजी महिनाभर आधी आला तरी चालेल.

मग पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला सा धरून गायचे ते, ठरवा. पुरुषांची साधारण पेटीवरची काळी एक किंवा काळी दोन, स्त्रियांची काळी चार किंवा काळी पाच. पण या आकड्यांना चिकटून बसू नका. प्रयोगात कलाकार अडीच तास बोलत, चालत असतो, तिसऱ्या अंकात त्याचा आवाज घरच्यासारखा वर जात नाही. घरी सहज लागते त्यापेक्षा अर्धा सूर खाली ठेवणे शहाणपणाचे. अश्विनशेठ आणि रेवती यांच्या प्रसंगात एकाचे पद संपून थोड्याच वेळात दुसऱ्याचे सुरू होते. तेव्हा पट्टी कुठल्या वाक्यावर बदलायची हे ऑर्गनवादकाच्या संहितेत लाल पेनाने लिहून ठेवा. तबलेही दोन्ही पट्ट्यांत मिळवलेले हवेत.

साथीदार रंगमंचासमोर खाली बसले तर त्यांना नटांचे चेहरे दिसतात, हे सर्वांत चांगले. विंगेत बसवायची वेळ आली तर निदान गाणाऱ्याची पाठ त्यांच्याकडे होणार नाही अशा हालचाली बांधा.

पदे बसवणे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. साडेतीन महिन्यांची तयारी धरली तर पहिले चार आठवडे जवळजवळ फक्त पदांचे आणि पाठांतराचे.

पहिल्या आठवड्यात गायक पद गाणारच नाही, वाचेल. मोठ्याने, अर्थासह, गद्यासारखे. जुन्या पदांत शब्दक्रम उलटा असतो, समास असतात. ‘मृगनयना रसिक मोहिनी’ म्हणताना अश्विनशेठ कोणाला आठवतो आहे आणि आत्ताच का, हे गायकाला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. ते सांगता येईपर्यंत पेटी उघडू नका.

हे पद दरबारी कानड्यात आहे आणि डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या आवाजात ते घरोघरी पोहोचले आहे. इथेच नवखा गायक फसतो. तो त्या ध्वनिमुद्रणातल्या ताना, ते झपाटे गोळा करायला लागतो. वसंतरावांच्या गळ्यातून आलेले ते गाणे आयुष्यभराच्या साधनेचे आहे. तुमच्या अश्विनशेठने दरबारीचा आंदोलित, म्हणजे हळूच झुलणारा, गंधार नीट लावला, लय रेंगाळू दिली नाही आणि शब्द पोचवले, तर पद रंगते. ध्वनिमुद्रणे जरूर ऐका, एकाच पदाची तीन-चार वेगवेगळ्या गायकांची ऐका, म्हणजे चालीतला पक्का भाग कोणता आणि गायकाने आपल्या मनाने घातलेला कोणता हे कळते. पक्का भाग तेवढा घ्या.

विस्तार आधी ठरवून टाका. शास्त्रीय बैठक असलेल्या गायकाला हे बांधलेपण आवडत नाही, तरीही आग्रह धरा. किती आवर्तने (तालाचे फेरे), कुठली तान, कोणत्या समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) परत मुखडा (पदाची पहिली ओळ), हे लिहून ठेवलेले असेल तर समोरच्या नटाला त्याची हालचाल बांधता येते. प्रयोगात गायकाला एकदम काही सुचले तर ते एका आवर्तनापुरते घेऊ द्या, त्याहून नाही.

आता सर्वांत नाजूक जागा: गद्यातून पदात जाणे. नवख्या प्रयोगात काय होते? संवाद संपतो, नट पुढे येतो, थांबतो, ऑर्गन सूर देतो, नट घसा साफ करतो आणि गाणे सुरू होते. तेवढ्यात नाटक विझलेले असते. यावर जुन्या मंडळींचा उपाय असा की शेवटच्या वाक्याखालीच ऑर्गनने हळू षड्ज (सा) धरायचा. नटाने ते वाक्य त्या सुराच्या आसपास बोलायचे, आवाज थोडा उचलत न्यायचा, आणि शेवटच्या शब्दाच्या टोकावरून पद सुरू करायचे. हे दहा वेळा केले की जमते. प्रत्येक पदाआधीचे वाक्य आणि पदाची पहिली ओळ हा तुकडा स्वतंत्रपणे, रोज तालमीच्या सुरुवातीला घटवा.

पदातून गद्यावर उतरणेही तितकेच महत्त्वाचे. टाळ्या येतील, येऊ द्या. पण टाळ्यांना नमस्कार करायचा नाही. गायकाने पदाच्या शेवटच्या भावनेत थांबायचे, आणि टाळ्या ओसरू लागताच पुढचे वाक्य किंचित चढ्या आवाजात टाकायचे.

आणि जो गात नाही त्याचे काय? संगीत नाटकातला सगळ्यात दुर्लक्षित माणूस म्हणजे पद ऐकणारे पात्र. तो पाच मिनिटे खांबासारखा उभा राहतो किंवा कौतुकाने माना डोलावतो. त्याला प्रत्येक अंतऱ्यात एक निर्णय द्या. रेवती गात असताना अश्विनशेठ पहिल्या अंतऱ्यात विश्वास ठेवतो, दुसऱ्यात त्याला काहीतरी आठवते, मुखड्यावर तो तोंड फिरवतो. प्रेक्षकाला गाणे आणि गोष्ट दोन्ही एकदम मिळतात.

गद्य तालीम: तसबिरीचा प्रवास

नाटकाचा सगळा घोटाळा एका तसबिरीवर उभा आहे. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर रस्त्यात पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. कृत्तिका ती न्याहाळत असताना फाल्गुनराव पाहतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे असलेली अश्विनशेठला दिसते. प्रत्येकाने जे पाहिले ते खरे आहे आणि प्रत्येकाने काढलेला अर्थ खोटा आहे.

म्हणून तालमीच्या जागी भिंतीवर एक मोठा तक्ता लावा. वरच्या ओळीत प्रवेश, डाव्या बाजूला पात्रांची नावे. प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी लिहा: या क्षणी तसबीर कुणाकडे आहे, आणि या पात्राला काय वाटते आहे. हा तक्ता सगळ्यांनी मिळून भरायचा. तो भरता भरता अनेक नटांच्या लक्षात येते की आपल्या पात्राला जे माहीत नाही ते आपण माहीत असल्यासारखे बोलत होतो. प्रहसन तिथेच कोसळत असते.

तसबीर स्वतः कशी असावी? पुस्तकाएवढी, चौकटीत बसवलेली, विसाव्या रांगेतून दिसेल अशी. तिच्यात तुमच्याच अश्विनशेठचा पगडी घातलेला फोटो हवा. नटाच्या हातात खरा चेहरा असला की नजर आपोआप खरी होते. तिच्या दोन प्रती करा, एक नेपथ्याच्या पेटीत राखीव.

पहिल्या प्रसंगाची जागा मोजूनमापून बांधा. कृत्तिकेला जिथून नवरा दिसतो तिथून रेवतीचा चेहरा नीट दिसता कामा नये, पण प्रेक्षकाला तिघेही दिसले पाहिजेत. हे कागदावर सोपे वाटते, जमिनीवर खडूने आखल्याशिवाय जमत नाही.

स्वगते भरपूर आहेत. ती हवेत बोलू नका, थेट प्रेक्षकांना सांगा, मध्यभागी एका माणसाला उद्देशून सांगितल्यासारखी. त्या वेळी रंगमंचावर दुसरे पात्र असेल तर त्याला हाताशी काही काम हवे: पागोटे झटकणे, विडा लावणे, निरांजन पुसणे. नाहीतर ‘याला ऐकू कसे येत नाही’ असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो.

लय जलद ठेवा. संशयाच्या प्रवेशांत समोरच्याचे वाक्य संपता संपता आपले सुरू झाले पाहिजे. त्यासाठी पाठांतर असे हवे की मागून प्रॉम्प्टरची वाट पाहावी लागणार नाही. तालमीच्या पाचव्या आठवड्यापासून हातात वही नको. प्रॉम्प्टर मात्र ठेवाच, आणि तो पहिल्या दिवसापासून एकच माणूस असू द्या, म्हणजे कुठला थांबा जाणूनबुजून घेतलेला आहे आणि कुठे नट खरोखर अडला आहे हे त्याला कळते.

हशा आला की थांबायचे, पण किती? हशा चढतो, टोकाला जातो आणि उतरू लागतो. उतरणीवर पुढचे वाक्य टाकायचे, पूर्ण शांततेची वाट पाहायची नाही. तालमीत हशा नसतो, म्हणून शेवटच्या पंधरवड्यात दहा-पंधरा बाहेरची माणसे बसवा. आणि पदरचे विनोद घालणे पूर्ण बंद. चालू राजकारणावरचा एक टोला टाळी देऊन जातो, पण त्या टाळीबरोबर फाल्गुनरावाचे घर प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून पुसले जाते. देवल स्वतः किर्लोस्कर मंडळीत तालीममास्तर होते, नटांना वाक्य न् वाक्य घटवून घेणारे. त्यांच्या वाक्यांत हशाची जागा आधीच ठरलेली आहे, ती शोधा.

पडदे, कपडेपट, आवाज

नेपथ्याला फार खर्च करू नका. जुनी युक्ती आजही कामाची आहे: पुढच्या भागात रस्त्याचा रंगवलेला पडदा सोडायचा, रस्त्याचे प्रवेश त्याच्यापुढे करायचे आणि तेवढ्यात मागे दिवाणखान्याची बाग करायची. यात काळोख लागत नाही, खुर्च्या सरकवण्याचे आवाज येत नाहीत, आणि नाटक एक क्षणही थांबत नाही. रंगवलेले पडदे भाड्याने मिळतात, आधी उलगडून पाहून घ्या, घड्यांवर रंग उडालेले असतात.

कपडेपट भाड्यानेच आणा. पुरुषांना धोतर, अंगरखा, उपरणे, पगडी किंवा पागोटे. स्त्रियांना नऊवारी, नथ, खोपा, अंबाडा. धोतर आणि नऊवारी नेसून किमान आठ तालमी करा. चालण्याची, बसण्याची, वळण्याची ढब त्यातूनच येते. पगडी मापाची हवी. सैल पगडी तानेबरोबर हलते आणि प्रेक्षक तान ऐकायचे सोडून पगडीकडे बघतात. मिशा डकवलेल्या असतील तर त्याही लावून एकदा पूर्ण पद गाऊन पाहा.

ध्वनियोजनेत गाणाऱ्यांना छातीवरचे माइक देण्यापेक्षा रंगमंचाच्या कडेचे आणि वर टांगलेले माइक मला जास्त विश्वासाचे वाटतात. छातीवरच्या माइकमध्ये श्वास, उपरण्याची सळसळ, मिठीतले ठोके सगळे येते. मोठ्या नाट्यगृहात ते टाळता आले नाहीत तर ऑर्गनचा आवाज गाणाऱ्यांना परत ऐकू येईल असा एक स्पीकर विंगेत ठेवा. आपल्याला सूर ऐकू आला नाही तर कितीही चांगला गायक सरकतो.

खर्चाची वही

वहीत हे रकाने हवेत: नाट्यगृहाचे भाडे व अनामत, साथीदारांचे मानधन, कपडेपट, रंगभूषा, पडदे आणि टेम्पो, ध्वनी, प्रकाश, तिकिटे व जाहिराती, तालमीची जागा, चहा-नाश्ता. सर्वांत आधी साथीदारांचे मानधन बाजूला काढा. त्यात घासाघीस करू नका, कारण तुमचे नाटक त्यांच्या हातात आहे. नाट्यगृह घेताना सत्र नीट विचारा. तुमच्या आधीच्या सत्रात दुसरा प्रयोग असेल तर तो उठल्याशिवाय तुम्हाला आत शिरता येत नाही, आणि पडदे बांधायला, माइक तपासायला, दिवे लावायला तासभर कधीच पुरत नाही. जमल्यास आधीचे सत्र रिकामे असलेला दिवस पकडा.

रंगीत तालीम आणि प्रयोग

दोन रंगीत तालमी करा, दोन्ही न थांबता. पहिलीत घड्याळ लावून प्रत्येक अंकाचा वेळ लिहा. वेळ वाढला तर गद्य धावत सुटू नका, एखाद्या पदाचा एक अंतरा कमी करा. दुसरी शक्य तर त्याच नाट्यगृहात, पूर्ण कपड्यांत.

प्रयोगाच्या दिवशी गाणाऱ्यांना दुपारी झोपू द्या, सकाळी हलका रियाज, थंड आणि तळलेले टाळा. तीन तास आधी सगळे नाट्यगृहावर. रंगमंचाची आणि नटराजाची पूजा, नारळ, मग पंधरा मिनिटे सगळ्यांनी मिळून नांदी म्हणायची. नांदी गाताना सगळे कलाकार एका रांगेत असतात, काहींना गाणे येत नसते. त्यांनी हळू म्हणायचे, पण ओठ हललेच पाहिजेत आणि शब्द पाठ हवेत. तिसऱ्या घंटेनंतर पडद्याआडून ऑर्गनचा पहिला सूर येतो, तो ऐकून प्रेक्षागृह एकदम शांत होते. तिथून पुढचे सगळे त्या शांततेवर चालते, म्हणून घंटा ठरल्या वेळी द्या.

वन्समोअरचे काय करायचे ते आधी ठरवा. ही संगीत रंगभूमीची जुनी आणि प्रेमाची प्रथा आहे, ती मोडू नका. पण एका प्रयोगात फार तर दोनदा, आणि पूर्ण पद नव्हे, मुखडा आणि शेवटचा अंतरा. ते कुणी ठरवायचे? विंगेतल्या रंगमंच व्यवस्थापकाने, छोट्या टॉर्चने ऑर्गनवादकाला खूण करून. गाणाऱ्याने स्वतः कधीच नाही. बाकीच्या पात्रांनी त्या वेळी आपल्या जागा न सोडता, भूमिकेत राहून ऐकायचे.

शेवटाकडे संशयाच्या सगळ्या गाठी सुटतात आणि ‘हृदयी धरा हा बोध खरा’ हे पद येते. तिथे लय घाईत नेऊ नका. प्रेक्षक उठायच्या बेतात असतात, पण हे पद नीट, सर्वांच्या आवाजात, शब्द शब्द लावून झाले तर ते बसून राहतात.

प्रयोग संपल्यावर त्याच रात्री साथीदारांचे मानधन द्या, कपडेपट मोजून परत करा, तसबिरीच्या दोन्ही प्रती पेटीत ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी, सगळ्यांच्या आठवणी ताज्या असताना, एक पक्की प्रत तयार करा: रंगावृत्ती, प्रत्येक पदाची पट्टी, ताल, ठरलेली आवर्तने, हालचाली, कुठे हशा आला आणि कुठे आला नाही. दुसरा प्रयोग महिनाभरात लावता आला तर लावाच, या प्रतीवरून तो पंधरा दिवसांच्या तालमीत उभा राहतो. आणि पुढच्या वर्षी अश्विनशेठ नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेला, तर नव्या मुलाला हातात द्यायला काहीतरी असते.